अंगणात आणलेली टेकडी

"पाय ठेवला का, मास्तर? मंग खाली काय हाये ते सांगा."

टेकडी चढताना चाचा एवढंच विचारायचे. मी म्हणायचो, "दगड." पुढच्या पावलाला, "गवत." चुकलो की ते थांबून राहायचे. शाळेत मी पोरांना घाम फोडायचो, इथे रोज माझीच तोंडी परीक्षा. चाल अशी, की मागून आलेल्या म्हशी आम्हाला ओलांडून जात. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता.

"चाचा, म्हशीसुद्धा पुढे गेल्या."

"जाऊ द्या. त्याइले चरायले जायचं हाये. आपल्याले कुठी जायचं हाये?"

ही सत्तावन-अठ्ठावन सालातली गोष्ट. मारेगावात ते माझे शेजारी. धंदा पिंजाऱ्याचा. गाद्यांचा कापूस पिंजून पिंजून छातीत खोकला घर करून बसलेला, पण टेकडीवर तो कुठे जायचा कोण जाणे. माझी आई गेली तेव्हा मी वर्गात शिकवताना मध्येच गप्प व्हायचो. चाचांनी मला सरळ दारातून उठवलं आणि वर नेलं. समजावलं काहीच नाही. हळूहळू मी माणसात आलो. वस्तीत कोणाचंही मन बिघडलं की त्यांचा हाच इलाज.

मग त्यांची एकुलती एक मुलगी विधवा होऊन माहेरी आली. बोलेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून बसे. इद्दत सुरू होती. ते ठरलेले महिने संपेपर्यंत विधवेनं घराबाहेर पडायचं नसतं.

"साऱ्या गावाले नेलं, मास्तर. पोरीलेच नेता येत नाही."

"आजारी आहे म्हणून न्या ना, चाचा."

"पोरगीच नाही म्हणते. म्हणते, त्यायच्यासाठी एवढं तरी करू द्या."



एके दिवशी चाचा पोतं घेऊन टेकडीवर गेले. मुरूम, सागाची वाळलेली पानं, उपटलेलं गवत, सगळं पाठीवर आणून अंगणात पसरलं, वाटेवर जसं लागतं तसंच. "ये बेटा, पाय ठेव." ती उठली नाही. कोंबड्यांनी सगळं उकरून टाकलं. चाचा पुन्हा गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. आता खोकला त्यांना टेकडीवरही सोडीना. पोतं घ्यायला मी पुढे झालो, तर माझाच हात झटकला. मला त्यांचा राग आला.

एका सकाळी ती पानांवर उभी दिसली. एक पाऊल टाकलं, बऱ्याच वेळानं दुसरं. चाचा भिंतीआड तोंड दाबून रडत होते. त्या दिवशी तिनं आपणहून भाकर मागितली.

इद्दत संपली तोवर चाचांना टेकडीच्या पायथ्यापर्यंतही दम पुरेनासा झाला होता. मुलगी एकटी चढून यायची. हे दारात बाजेवर बसून वाट बघायचे. यवतमाळचा दवाखाना झाला, काढे झाले. आम्ही नुसते उशाशी बसून राहायचो. हिवाळ्यात चाचा गेले.

कब्रस्तान टेकडीच्या पायथ्याशी आहे. त्यांच्यात बायका मयतीसोबत तिथे जात नाहीत. माती देऊन मी मागे वळलो, तर वर कड्यावर एक पांढरी ओढणी दिसली. मी हात वर केला, मग खाली घेतला. माणसं दोन-दोन, चार-चार करत गावाकडे निघाली. ती तिथेच उभी होती.