अर्ध्या खाद्याची टाकी

वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत, आणि काकूंच्या रागाची सुरुवात तिथूनच होत असे. "अरे, मी तुमच्याच बाकावर बसते, तुमचाच पेपर देते, मग काकू कसली?" असं त्यांनी एकदा ठणकावलं. पोरं म्हणाली, "बरं काकू." आता बोला!

लेक शिकायला परगावी गेली तशी काकूंनी कोळंबी सोलायच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि विद्यापीठात मत्स्यपालनाला नाव घातलं. शेजारीण फिदीफिदी हसली. नवरा बर्फाची गाडी चालवायचा, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तो एवढंच म्हणाला, "कर बाई, पण अप्पांच्या जेवणाचं बघ."

अप्पा म्हणजे सासरे. उभा जन्म मच्छीमार बोटीवर स्वयंपाकी. डुलत्या बोटीत, उकळत्या भांड्याशी झटत त्यांनी माणसं जेवू घातली. आता मात्र डॉक्टरांनी तेल, मीठ, तिखट सगळं बंद केलेलं. रोज उकडलेला दुधी, पातळ डाळ-भात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. काकू सकाळी ताट वाढून झाकून ठेवत, विद्यापीठात जात आणि संध्याकाळी रिकामं ताट घासत. म्हातारा कुरकूर न करता जेवतो, एवढंच काय ते या घरात सरळ चाललंय, असं त्यांना वाटे.

बाकी सगळा आनंदच होता. शेवटच्या वर्षाच्या प्रयोगाला विद्यापीठात टाक्याच उरल्या नाहीत. होत्या त्यातल्या दोन गळक्या, एकीत कुणीतरी झाडू भिजत घातलेले. सरांनी हात वर केले. "घरी करा, मी येऊन बघेन." मग काकूंनी मागच्या पडवीत तीन टाक्या मांडल्या आणि त्यांत तिलापियाची पिल्लं सोडली. एकीला पोटभर खाद्य, दुसरीला थोडं कमी, तिसरीला अर्धंच.

"माशांना अर्धपोटी ठेवून कसली गं पदवी मिळते?" अप्पांनी विचारलं.

"अहो अप्पा, हे खाद्य कशाचं असतं माहितीय? समुद्रातली बारीक मासळी ओरबाडून, वाळवून, दळून केलेलं. मासे पाळायला मासेच मारायचे, तर पाळायचे कशाला? कमी खाद्यात भागतं का, ते बघायचंय."

"त्या बिचाऱ्यांना विचारलंस का, भागतं का ते?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. हवेचा पंप बंद पडायचा, मांजर टाकीच्या काठावर ठाण मांडायचं, वीज जायची ती नेमकी पाणी बदलताना. आणि वर हे प्रश्न! "अप्पा, काहीही करा, पण माझ्या टाक्यांना हात लावू नका. हा प्रयोग बुडाला तर माझं वर्ष बुडालं." अप्पांनी मुकाट्यानं मान डोलावली.

दर रविवारी काकू जाळीनं मासे काढत, काट्यावर ठेवत, वजन लिहीत. आणि काय नवल, अर्ध्या खाद्याची टाकी सगळ्यांच्या पुढे! मासे कसे गुबगुबीत, पाठी रुंद. सर हरखून गेले. "काकू, तुम्ही कमाल केलीत," म्हणाले. सरसुद्धा काकूच म्हणाले, पण त्या दिवशी काकूंनी ते पोटात घातलं. बाहेरचे परीक्षक बोलवायचं ठरलं. शेजारणीला कसं ऐकवायचं, याची वाक्यंसुद्धा काकूंनी जुळवून ठेवली.

परीक्षक यायच्या आदल्या दुपारी त्या लवकर घरी आल्या, टाक्या चकाचक करायला. तिसऱ्या टाकीतला गाळणीचा स्पंज पिळला, तर हातात गिचका आला. हिरवट, बुळबुळीत, मध्ये चपट्या बिया. काकूंनी वास घेतला. दुधी!

"अप्पा!" अशी हाक गेली की मांजर पळालं.

अप्पा पडवीच्या दारातच उभे होते. हातात ताट, ताटात अंडं.

"तुम्ही माझ्या माशांना जेवण घालताय? रोज? अहो, पाया पडून सांगितलं होतं ना? वर्षभर मी मरमर मरतेय आणि तुम्ही... उद्या परीक्षक येतायत, त्यांना काय सांगू? सासऱ्यांना दया आली म्हणून?"

"त्या दोन टाक्या भरल्या पोटाच्या," अप्पा चाचरत म्हणाले. "ही उपाशी. उपाशी जीव समोर ठेवून जेवायचं कसं? बोटीवर सगळे जेवल्याशिवाय मी ताटाला हात लावला नाही कधी. इथे दुपारी आधी जेवायला दुसरं आहे तरी कोण?"

"मग त्यांना घालून उरलेलं तरी खायचं!"

एका हातानं अप्पांनी घसरती विजार वर ओढली. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं. त्याच्या पुढे आणखी एक.

दर रविवारी काकू माशांचं वजन काट्यावर तोलत होत्या, आणि घरातलं माणूस डोळ्यांदेखत झडत चाललं होतं ते त्यांना दिसलं नव्हतं. आधी अप्पांचा राग आला, मग डॉक्टरांचा, मग दुधीचा, आणि शेवटी स्वतःचा इतका राग आला की त्या स्पंज हातात घेऊन तिथेच मटकन बसल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षक घरी यायची वाट न बघता काकू विद्यापीठात गेल्या आणि ते खुर्चीत बसायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला. "म्हणजे मासे दुधी खाऊन वाढले?"

"अंडं खाऊन, सर. दुधी त्यांनीसुद्धा टाकला."

परीक्षक खो खो हसले. सर हसले नाहीत. "पुन्हा करा," म्हणाले. "पुढच्या वर्षी." वर्ष बुडालं ते बुडालंच. पोरं पदवी घेऊन जाणार आणि काकू तिथेच, नव्या पोरांच्या काकू. बाहेर पडताना त्यांनी टाकीतल्या झाडूला एक लाथ घातली.

तिथून त्या तडक घरी आल्या. दोन ताटं घेतली, दोन्हींत उकडलेला दुधी वाढला, आणि अप्पांना समोर बसवलं.

"हं. मी जेवते आधी. मग तुम्ही. आता रोज दुपारी येणार आहे मी, बुडालेल्या वर्षात दुसरं काम तरी काय!"

त्यांनी पहिला घास घेतला. चावला. कसाबसा गिळला.

"शी! अप्पा, हे असलं खात होतात तुम्ही इतके दिवस?"

"मी कुठे खात होतो?" अप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.