डावा साताऱ्याला, उजवा सांगलीला

देवाने माणसाला दोन कान दिले ते दोन स्पीकर एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी मूळचे इस्लामपूरकडचे. गावी ऊस, तो धाकटा भाऊ बघायचा. दाजींनी तरुणपण फौजेत वायरलेसच्या कानटोपीखाली घालवलं, आणि परत आल्यावर सांगलीला सरकारी कचेरीत भांडारपाल म्हणून चिकटले. सत्तर सालानंतर माझी पहिली बदली सांगलीला झाली आणि मी विश्रामबागेत अक्काकडे राहायला गेलो. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तेव्हा दाजींनी माझ्याकडे, माझ्या वळकटीकडे किंवा हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं नाही. "पावणं, तितंच थांबा, हलू नका," एवढंच म्हणाले. मी दारात उभा राहिल्यामुळे आतल्या स्पीकरचा आवाज म्हणे एकदम भरीव झाला होता. आवाजातला हा फरक जोखून होईपर्यंत मी वळकटी खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच उभा होतो.

जुने स्पीकर विकत घ्यायचे, महिना-दीड महिना ऐकायचे, दुसऱ्याशी ताडून बघायचे आणि विकून तिसरा आणायचा, हा त्यांचा उद्योग. उद्योग म्हणायचा तो आपला म्हणायचा म्हणून. त्यातून घरात फक्त पेट्या वाढल्या. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे, मंडपवाल्यांनी टाकून दिलेले, कुणाच्या मोडक्या रेडिओग्राममधून काढलेले, असे स्पीकर घरभर पसरलेले असत. पाहुण्याला बसायला पेटी, अक्काला मोरीत पाट नाही म्हणून पेटी, तुळशीखालीसुद्धा पेटी. मात्र पाहुणा बसला रे बसला की दाजी त्याच्या कानाशी वाकून हळूच सांगत, "आवं, जरा पुढं सरकून बसा, कोन फाटंल." कोन म्हणजे स्पीकरच्या तोंडावरचा कागदी पडदा, हे पाहुण्याला ठाऊक नसे. आपलंच काहीतरी फाटलंय अशा समजुतीने तो दचकून उठे, आणि मग चहा उभ्यानेच घेई.

दाजींचे वडील पंचक्रोशीत बैलांचे पारखी म्हणून नावाजलेले. ती विद्या मुलाने स्पीकरकडे वळवली होती. नवा स्पीकर आला की ते आधी त्याच्याभोवती एक फेरी मारत, पेटीच्या पाठीवर थाप टाकत, बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत आणि मगच वायर जोडत. अभिप्रायही बैलबाजारातलेच. "खांद्याला बळकट हाय, पन चढाला दम तोडतोय." "ह्यो दिसायला शांत, पन तबला आला की बुजतोय." एकदा कराडहून आणलेला एक स्पीकर पाच मिनिटं ऐकून त्यांनी बंद केला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "बाई गातीय असं ह्यो सांगतोय. दावत न्हाई."

विकायच्या बाबतीत तर त्यांच्याइतका नालायक विक्रेता कृष्णाकाठी झाला नसेल. गिऱ्हाईक खिशात हात घालायच्या बेतात आलं, की दाजी त्या स्पीकरचे सगळे दोष सांगू लागत. त्यातूनही एखाद्याने हट्टाने नेलाच, तर पुढच्या रविवारी दाजी त्याच्या घरी हजर. सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करायला बाप जातो तसे. मिरजेच्या एका व्यापाऱ्याकडे असेच गेले, तर घरच्यांनी स्पीकरवर लोणच्याची बरणी ठेवलेली. दाजी तिथे पाणीसुद्धा प्याले नाहीत. दुप्पट किमतीला स्पीकर परत घेतला आणि सायकलच्या मागे बांधून घरी आणला. "लेक नांदत न्हाई तितं ठिवायची न्हाई," एवढं बोलून त्यांनी आठवडाभर त्या पेटीचा तेलकट डाग पुसला.

पण खरा कहर म्हणजे त्यांची परीक्षा. खोलीच्या मधोमध अक्काची जुनी नऊवारी टांगायची, तिच्या मागे दोन स्पीकर ठेवायचे, एकच रेकॉर्ड आलटून पालटून दोन्हींवर लावायची आणि समोर बसलेल्याने "पहिला बरा की दुसरा" ते सांगायचं. दूधवाला, वसुलीचा शिपाई, शेजारचे डॉक्टर, कुणीही सुटलं नाही. दाजींच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा अक्काने दोन दिवस आधीपासून हात जोडून सांगितलं होतं, "आज एवढं लुगडं टांगू नका." पोहे झाले, मुलीने नाव-गाव सांगितलं, आणि आम्ही जरा निःश्वास टाकतोय तोवर दाजींनी लुगडं टांगलंच. मुलाच्या वडिलांनी ऐटीत नेमका फुटक्या आवाजाचा स्पीकर निवडला. दाजींचा चेहरा उतरला. मला स्वैपाकघरात ओढून म्हणाले, "कान नसलेल्या घरात पोरगी द्यायची न्हाई." अक्काने लाटणं हातात घेतलं. तेवढ्यात बाहेरून मुलगा आपल्या वडिलांना दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, तो कसला, घसा बसल्यागत वाजतोय. दुसरा चांगला." दाजी तसेच बाहेर धावले आणि त्यांनी त्या मुलाला कडकडून मिठी मारली. लग्न त्या मिठीत ठरलं. संसार उत्तम चाललाय.

अशा या माणसाला कराडच्या एका थंड पेयांच्या दुकानात एक दिवस तो स्पीकर भेटला. भेटला असंच दाजी म्हणत. काळसर लाकडाची गुडघ्याएवढी विलायती पेटी, आणि पाठीवर पांढऱ्या रंगात काढलेलं इंग्रजी 'आर' हे अक्षर. दुकानदाराचं नाव राजाराम, त्यामुळे ते अक्षर आपल्याचसाठी आहे अशी त्याची समजूत. दाजींनी त्याला मोठ्या मिनतवारीने पटवून स्पीकर घरी आणला, ऐकला, आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता घास हातात धरून म्हणाले, "पावणं, आर म्हंजे राइट. उजवा. म्हंजे डावा कुटंतरी हाय."

परत कराड. दुकानदाराने आठवून सांगितलं की पाचगणीच्या एका शाळेतला गोरा साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या आचाऱ्याने सामान विकलं. एक पेटी दुकानदाराने घेतली, दुसरी साताऱ्याच्या कुणी मुख्याध्यापिका घेऊन गेल्या. झालं. दर रविवारी दाजी साताऱ्यात. शाळांमागून शाळा पालथ्या घालून शेवटी त्यांना त्या बाई सापडल्या. सत्तरीच्या, निवृत्त, अविवाहित. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या, आणि आवाज असा की रस्त्यावरची पोरं आपोआप रांगेत चालावीत. त्यांच्या खोलीत रेडिओला जोडलेला डावा होता. पाठीवर 'एल'.

"विकायचा नाही," बाई म्हणाल्या. "एल हे माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे. म्हणूनच घेतला मी."

"आवं बाई, एल म्हंजे लेफ्ट. ह्याचा जोडीदार माज्याकडं हाय."

"मग तो मला विका."

इथे गाडी अडली. पाच-सहा खेपा झाल्या. दाजी बाईंचा मागायचे, बाई दाजींचा मागायच्या, आणि दोघंही चहा पिऊन आपापल्या हट्टावर परत. शेवटी तडजोड निघाली, की दोन्ही एकदा, एकदाच, शेजारी ठेवून ऐकायचे. दाजींनी उजवा गोधडीत गुंडाळला, रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर माझ्या मांडीवर दिले, आणि आम्ही साताऱ्याची एसटी पकडली. स्पीकरसाठी वेगळं तिकीट काढून त्याला खिडकीशी बसवलं. कंडक्टरने गोधडीकडे बघून आवाज खाली आणला. "कुठल्या गावचा देव म्हणायचा?" दाजी स्पीकरच्याच नादात, ते म्हणाले, "विलायतेचा." मागच्या बाकावरच्या म्हातारीला ते नीट ऐकू आलं नसावं. कराडला उतरताना तिने गोधडीला हात लावून नमस्कार केला आणि अर्धी नारळाची वाटी पुढ्यात ठेवली. आम्ही तो प्रसाद उंब्रजपर्यंत खाल्ला.

बाईंच्या खोलीत दाजींनी सुतळीने मापं घेतली, दोन पेट्या ठेवल्या, समोर बरोबर मध्ये एक खुर्ची मांडली आणि बाईंना बसवलं. रेकॉर्ड होती बासरी आणि सतारीच्या जुगलबंदीची. डावीकडून बासरी उठली, उजवीकडून सतारीने तिला उत्तर दिलं. बाईंनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग डोळे मिटून घेतले. रेकॉर्डची बाजू संपून सुई खरखरायला लागली तरी त्या तशाच. मग म्हणाल्या, "हे दोघं इतकी वर्षं एकाच पेटीत कोंडलेले होते का हो?"

दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

संध्याकाळच्या गाडीच्या वेळी त्यांनी उजवा पुन्हा गोधडीत गुंडाळला, गाठ मारली, आणि गाठीकडे बघत उभे राहिले. "आज रईवार. गाडीला लय गर्दी आसंल," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे हितंच. फुडल्या म्हैन्यात न्हेतो." बाई गाठ सोडायला पुढे झाल्या. असा तो पुढचा महिना कधी आलाच नाही. ज्या माणसाने लोणच्याच्या बरणीवरून लेक माहेरी आणली होती, त्याने आपला सर्वांत लाडका स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायरसकट, साताऱ्याला ठेवला, आणि दर महिन्याला तो ऐकायला स्वतः एसटीने जाऊ लागला.

अक्काला याचा वास यायला वेळ लागला नाही. "साताऱ्यात कोण हाय रं?" तिने मला गाठलं.

"बाई आहेत," मी म्हणालो.

अक्का मटकन पेटीवर बसली.

"सत्तरीच्या आहेत, अक्का."

"दिसायला कश्या हायत?"

पुढच्या खेपेला ती स्वतःच आली. तिने काय पाहिलं? तिचा नवरा, कचेरीत साहेबालाही न जुमानणारा, भिंतीशी स्टुलावर अंग चोरून बसलेला, आणि बाई मधल्या खुर्चीत. मधली खुर्ची एकच. खरा आवाज तिथेच बसलेल्याला मिळतो हे दाजींनीच शिकवलेलं, त्यामुळे रेकॉर्डची एक बाजू बाईंची, दुसरी दाजींची, असा नियम. दाजी खुर्चीत जरा रेंगाळले की बाई टाळी वाजवत. "उठा. तास संपला." आणि दाजी उठत. "बासरी लय ग्वाड वाजतीया म्हनून बसलो," असं पुटपुटले तर बाई म्हणत, "म्हनून नाही, म्हणून. बाणातला ण." "व्हय बाई. म्हणून." अक्का येताना चांगली कंबर बांधून आली होती. परतताना ती गाडीत हसून हसून बेजार झाली, आणि त्यानंतर दाजींच्या पिशवीत दर खेपेला कारळाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू बाईंसाठी जाऊ लागले.

काही वर्षं अशी गेली. मग बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि एकटीने राहणं सरलं. नागपूरचा भाचा न्यायला आला. भला माणूस, पण घाईत. "या पेट्यांचं काय करायचं? माझ्याकडे ट्रान्झिस्टर आहे," तो म्हणाला. बाई दाजींना म्हणाल्या, "जोडी तुम्ही न्या. तुमचीच होती ती." इतकी वर्षं ज्या दोन पेट्यांसाठी त्यांनी साताऱ्याच्या वाऱ्या केल्या, त्या एका शब्दावर त्यांच्या होत होत्या. दाजी नाही म्हणाले. बाई रागावल्या. पहिल्या भेटीत दोघं 'मला द्या, मला द्या' म्हणून भांडली होती. आता 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' म्हणून तितक्याच तिखटपणे भांडली. शेवटी दाजींनी बोलणंच सोडलं. दोन्ही स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, सगळं त्यांनी गोधड्यांत गुंडाळलं, सुतळीने आवळलं आणि सामानाच्या ट्रकमध्ये स्वतः चढून गादीच्या बेचक्यात बसवलं. कुठली वायर कुठे लावायची ते भाच्याला चार वेळा सांगितलं, आणि पाचव्यांदा त्याच्याकडून वदवून घेतलं.

बाईंना उचलून टॅक्सीत बसवलं. काच खाली करून त्या म्हणाल्या, "आता मधली खुर्ची माझ्या एकटीची. उठवणारं कुणी नाही." हे त्या हसत म्हणाल्या, पण मग त्यांना काच वर करता येईना, ती दाजींनी बाहेरून हाताने ढकलून वर केली.

परतीच्या गाडीत दाजी खिडकीशी बसले. कराडला गाडी थांबली तशी मी दोन चहा आणले. पेला हातात धरून ते म्हणाले, "पावणं, एक सांगायचं ऱ्हायलं."

"काय?"

"बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. त्यांना ठावं न्हवतं. पयल्याच दिशी माज्या ध्यानात आलं. मग त्यांची पाळी आली की मी खुर्ची गपचिप वीतभर डाव्या पेटीकडं सरकवायचो, माजी आली की परत मदी. त्यांना वाटायचं, मी फडक्यानं खुर्ची पुसतोय."

"मग कळवा की. भाच्याला पत्र टाका."

"न्हाई न्हाई," दाजी म्हणाले. "तो मोठ्यांदा सांगंल. आन् त्यांना वाटंल, आपन निम्मंच ऐकलं." मग माझ्याकडे न बघता, "त्यांनी सगळं ऐकलंय, पावणं. सगळं."

गाडी सुटली. चहा त्यांच्या हातात तसाच होता.