वरील चित्र पाहा

सातपूरच्या एका शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. शिकवते म्हणजे काय, बाजारातलं गाइड शिकवतं आणि मी हजेरी घेते. मध्ययुगीन भारताचा एकेक घटक संपला की वीस मार्कांची चाचणी. पोरांना काय समजलं ते चाचणीतून कळतं म्हणे. असं म्हणणाऱ्यांनी कधी पेपर तपासलेत का, देव जाणे!

त्या वेळी चार मार्कांना विचारलं होतं, 'गनिमी काव्याची वैशिष्ट्ये लिहा.' पहिला पेपर उघडला. उत्तर झकास, चारही मुद्दे, आणि शेवटी कंसात 'वरील चित्र पाहा'. वर चित्रबित्र काही नव्हतं, नुसता शाईचा डाग होता. दुसऱ्या पेपरात तेच, तिसऱ्यातही तेच. मी चक्रावले. गाइड काढून बघितलं, तर डोंगरात दबा धरून बसलेल्या मावळ्यांचं चित्र आणि त्याखाली हे उत्तर. कार्ट्यांनी कंसासकट घोकलं होतं! पण नमुना उत्तराप्रमाणे मुद्दे बरोबर, त्यामुळे चारपैकी चार. करता काय?

एकच पेपर वेगळा निघाला. वडील इथल्या कारखान्यात लागले म्हणून ती पोरगी त्याच वर्षी सटाण्याहून आली होती. वर्गात तोंड उघडायची नाही, उघडलंच तर अहिराणी, आणि कबड्डीच्या मैदानावर मात्र कुणाच्या बापाला ऐकायची नाही. तिनं लिहिलं होतं, 'चढाईला जातो तसं. ते जास्त, आपण कमी. एकदम शिरायचं, हात मारायचा, दम संपायच्या आत आपल्या बाजूला यायचं. तिथं थांबला तो गेला.'

मी स्टाफरूममध्ये एकटीच खोखो हसले. अहो, हेच तर शिकवायचं होतं! तिला चार दिले आणि ती काठावर पास झाली. बरं झालं, कारण आमच्याकडे नापास मुलांना संध्याकाळी जादा तासाला डांबतात, कबड्डीचा सराव नेमका तेव्हाच असतो आणि शाळाशाळांचे सामने तोंडावर आले होते.

पण मुख्याध्यापिका बाईंनी पेपर चाळले. "यात मुद्दे कुठेत?"

"चारही आहेत बाई. तिच्या भाषेत आहेत."

"कबड्डी आहे का इतिहासाला?"

"आणि बाकीच्यांनी दाखवलेलं चित्र कुठंय?" मी फटकन बोलले. व्हायचं तेच झालं. बाईंनी लाल पेन उचललं, चाराचा भोपळा केला आणि सांगितलं, "जादा तास करू दे. फेरचाचणी पास झाली की खेळेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जादा तास माझ्याच गळ्यात. पोरगी खिडकीशी बसायची. बाहेर शिट्टी वाजली की तिचे पाय बाकाखाली हलायचे.

"मॅडम, माझं चुकलं काय?"

"नाही गं."

"मग नापास का?"

मी गाइड पुढे सरकवलं. "हे लिही. असंच्या असं."

फेरचाचणीत तिनं पेपर दिला आणि दारातच थांबली. तोवर बाईंनी पेपर घेतला, बोटानं मुद्दे मोजले, चार भरले, सही ठोकली. "बघा, सुधारली की नाही!" असं मलाच ऐकवून त्या गेल्या.

"मॅडम, आते बरोबर शे ना?"

"बरोबर आहे. पळ!" ती पळालीसुद्धा. मला मात्र रडू येईलसं झालं. एवढी चांगली पोरगी आम्ही शेवटी गाइडात कोंबली होती.

मग मी पेपर वाचला. चार मुद्दे, शब्द न् शब्द गाइडातला. शेवटी कंसात 'वरील चित्र पाहा'. सवयीनं मी वर पाहिलं. वर पेन्सिलीनं आखलेलं कबड्डीचं मैदान होतं, पलीकडे सात जणी तोंड वासून उभ्या, आणि दोन वेण्यांची एक पोरगी मधल्या रेषेवर हात टेकून आपल्या बाजूला परत आलेली.