तलावाच्या पाण्यातला जांभळा दोरा

आधीच सांगते, मी देवाला हात जोडते तेही सासूबाई बघत असतील तरच. भूत-पिशाच्च, मुंजा, हाकामारी वगैरे सगळं करमाळ्याला माहेरी ऐकून झालंय आणि एकाही गोष्टीवर माझा काडीचा विश्वास बसलेला नाही. इथे ग्रुपवर लोक असले अनुभव लिहितात ते वाचते, करमणूक होते, मोबाईल बाजूला ठेवते. आज स्वतःच लिहायला बसले, कारण वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही… आणि आता कंटाळा आलाय ते एकटीने वागवायचा.

मी सोलापुरात एका ट्रस्टच्या छोट्या कला संग्रहालयात काम करते. नाव सांगत नाही. प्रकाशन आणि प्रसिद्धी विभाग असा बोर्ड आहे, आणि विभाग म्हणजे मी. कॅटलॉग, चित्राखालच्या पाट्या, प्रेसनोट, फेसबुकच्या पोस्ट, निमंत्रणपत्रिका, आणि निमंत्रणपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर आलं म्हणून येणारे फोन – सगळं माझ्याच टेबलावर. लोकांना वाटतं म्युझियममध्ये काम म्हणजे दिवसभर कला बघत बसायचं. अहो, चौदा वर्षांत मी एक चित्र शांतपणे पाहिलेलं नाही. चित्र दिसलं की आधी त्याचा साईज आठवतो.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही वॉल हँगिंगचं प्रदर्शन ठरवलं. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते, पण हातमागावर विणलेली भिंतीवरची चित्रं इथे किती सुंदर व्हायची हे आता सोलापूरकरही विसरलेत. आमच्याकडचं सगळ्यात मोठं हँगिंग म्हणजे सिद्धेश्वर तलावाचं. पुरुषभर उंच, पाणी, मागे किल्ल्याची भिंत, वर पाखरं. कॅटलॉगचं मुखपृष्ठ तेच. विणकर किष्टय्यामामा, वय ऐंशीच्या पुढे, विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलमध्ये, मुलीकडे राहतात. उद्घाटनाला त्यांचा सत्कार ठरला होता. मामांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

आमचा फोटोग्राफर सलीम आणि मी त्यांच्या घरी जाऊन मुलाखत घेतली. आवाज वेगळा रेकॉर्ड केला, व्हिडिओ वेगळा. मुलाखत टाईप मीच करते. तेलुगू वळणाचं सोलापुरी मराठी कुठल्याच सॉफ्टवेअरला झेपत नाही, "माग" म्हटलं की ते "मग" लिहून मोकळं होतं. माझी पद्धत ठरलेली आहे – चार-पाच सेकंद ऐकायचं, थांबवायचं, टाईप करायचं, पुढे. आणि टेपमध्ये नाही तो शब्द कागदावर येता कामा नये. या एका बाबतीत मी इतकी खडूस आहे की लोकांनी खोकलेलंसुद्धा कंसात लिहिते.

सकाळी अकराला बसले, दीडला संपवलं. शेजारच्या टेबलावर सलीम फोटो साफ करत होता. मधे एकदा कूलरमध्ये पाणी घालायला उठले, एवढंच. मजकूर मांडणीला गेला.

दहा-बारा दिवसांनी प्रूफ आलं. प्रूफ मी टेप लावून वाचते. तलावाच्या हँगिंगपाशी आले आणि टेप गप्प झाली. कागदावर मात्र हा परिच्छेद होता –

"ते तलावाचं मी न्हाय विणलं. कारखान्यात पडलो, उजवा हात मोडला हुता. माझ्या बायकूनं, नरसम्मानं विणलं, घरच्या मागावर. दिवसभर विड्या वळायची आणि मधी मधी मागावर बसायची. बाईनं विणलंय म्हणलं असतं तर घेतलं नसतं कुणी, म्हणून नाव माझं लागलं. खाली पाण्यात निळा दोरा कमी पडला. तिनं तिच्या लुगड्याचा दोरा उसवला, जांभळा, चार-चार पदर पिळून घातला. पुढनं कळत न्हाय. मागनं बघा, दिसतंय."

मी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. पंख्याचा आवाज, बशीचा आवाज. दीड मिनिट कुणीही काही बोललेलं नाही. त्यानंतर मामा थेट म्हणतात, "असं हाय बगा."

पहिल्यांदा मला कसली भीती वाटली सांगू? नोकरीची. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी मनचं काहीतरी लिहिलं आणि ते छापायला निघालं होतं! मी सलीमला हेडफोन दिला. त्याने ऐकलं, मूळ कार्डावरची फाईल काढली, तीही ऐकली. एक सेकंदही कापलेला नव्हता. मग व्हिडिओ लावला. त्यात मामा चहा पितात, खिडकीकडे बघतात, ओठ मिटलेले.

"मॅडम, इधर तो कुछ भी नै है," सलीम म्हणाला. "तुमने कहाँ सुना?"

हाच प्रश्न मला होता. टाईप केलेलं मला आठवत होतं. "लुगडं" लिहावं की "साडी" यावर थांबल्याचंही आठवत होतं. ऐकल्याचं मात्र… काहीच आठवत नव्हतं.

आता सरळ मार्ग होता. परिच्छेद उडवायचा आणि गप्प बसायचं. पण एवढं लिहिलंय तर मागून बघू तरी, म्हणून मी आमच्या सरांकडे, म्हणजे संचालकांकडे गेले आणि पाठीमागचा फोटो हवाय म्हणून सांगितलं. हँगिंगला मागून जाड मांजरपाटाचं अस्तर आहे, ते आमच्याकडे आलं तेव्हापासूनच शिवलेलं. आत कुणी पाहिलेलं नाही, नोंदवहीतही तसंच लिहिलंय. सरांनी कुरकुर करत परवानगी दिली. भर दुपारी, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, सलीमने टॉर्च धरली आणि मी खालच्या कोपऱ्याचे टाके उसवले.

जांभळा होता. बोटभर रुंदीचा पट्टा. बाकी सुतापेक्षा बारीक दोरा, पिळून जाड केलेला. सलीमने टॉर्च बंद केली आणि मला पाणी आणून दिलं.

प्रेसवाल्याला संध्याकाळपर्यंत फाईल हवी होती. मी रिक्षा करून विडी घरकुल गाठलं. मामा कॉटवर बसले होते, त्यांची मुलगी सुजाता भाजी निवडत होती. मी म्हटलं, "मामा, मुलाखत एकदा वाचून दाखवते. चुकलं असलं तर सांगा."

वाचलं. सुजाताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मी म्हणलो न्हाय," मामा म्हणाले.

"नाही म्हणालात. टेपमध्ये नाहीये."

"मग तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, मामा. मला खरंच माहीत नाही. पण दोरा आहे. मी आत्ता बघून आले."

"नायना, खरं हाय का हे?" सुजाताने वडिलांना विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीवर त्यांचं प्रशस्तिपत्र होतं, त्याच हँगिंगसाठी मिळालेलं. धुळीचा कण नव्हता त्यावर. रोज पुसत असणार.

"पोरीलाबी सांगितलं न्हाय कधी," ते म्हणाले. "बक्षीस मिळालं, फोटोवाले आले हुते. ती नवं लुगडं नेसून भायेर आली. मी म्हणलो, तू कशाला, जा की आत. गेली. परत त्यावर एक शबुद बोलली न्हाय. मरूस्तोवर न्हाय."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, खूप राग आला. आणि त्याच वेळी ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा सत्कार मी माझ्या हाताने काढून घेतेय हेही कळत होतं. म्हटलं, "मामा, हा परिच्छेद मी काढू शकते. टेपमध्ये नाही म्हणजे नियमाने काढायलाच हवा. तुमचं नाव आहे तसं राहील. तुम्ही सांगा."

"दोघांचं टाका की, मॅडम," सुजाता म्हणाली.

मामांनी मान हलवली. "न्हाय. माझं काढा. एकटीचं टाका."

"सत्काराचं काय? गल्लीत सगळ्यांना सांगितलंय तुमी," सुजाता त्यांना म्हणाली.

"आता हे बी सांगीन."

कॅटलॉग तसाच छापला, विणकर म्हणून एकट्या नरसम्माचं नाव घालून. सरांना मी सांगितलं की मामांनी दुरुस्ती सांगितली. ते खोटंही नव्हतं.

आता स्पष्टीकरणं. नवरा म्हणतो उन्हाचा परिणाम. सरांना नंतर सगळं सांगितलं तर ते म्हणाले, कुठेतरी वाचलं असशील आणि विसरली असशील. कुठे वाचलं? मामांनी मुलीला सांगितलं नव्हतं. अस्तर कुणी उघडलं नव्हतं. मी ती टेप नंतर कितीतरी वेळा ऐकलीय, आवाज पूर्ण वाढवून. पंखा आणि बशी. तुमच्यापैकी कुणाला पटेल असं काही सुचलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही. तेवढं बळ नाही उरलेलं.

उद्घाटनाला मामा आले, इस्त्रीचा सदरा घालून. सत्कार सुजाताने आईच्या वतीने घेतला. मामा शेवटच्या रांगेत बसले होते. गर्दी ओसरल्यावर मी त्यांना कॅटलॉग नेऊन दिला. मराठी वाचता येत नाही त्यांना. "कुटं हाय?" म्हणाले. मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते तिथून उचललं नाही.

मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाई, हे तिच्याबिगर कोण सांगणार? तुमी ऐकलं तवा आवाज कसा हुता तिचा?"

मी म्हटलं, "मामा, आवाज नाही ऐकला हो मी. नुसतं टाईप केलं."

"काहीच न्हाय?"

"नाही."

प्रेसनोटमध्ये मी रोज खोटं लिहिते, तिथे एक वाक्य खोटं बोलायला काय झालं होतं मला… नाही सुचलं.

"असू द्या," ते म्हणाले. "मला आता आठवंना झालाय. म्हणलं, तुमाला तरी ठावं असंल."