दुसऱ्याच्या नावाने हजर

"गाडी तापली का सारेच थांबतेत. मानुस तापला का कोनी इचारत नाही."

माझ्या वजनकाट्यावर ट्रक चढवून इंजिन बंद केलं, की भाऊ हे वाक्य खिडकीतून माझ्याकडे टाकत. मग डोळे चोळत अनवाणीच खाली उतरत. चपला घालून केबिनमध्ये बसणं त्यांना देवघरात जोडे नेल्यासारखं वाटे.

तुमसरच्या रस्त्यावर माझा काटा आहे. भाऊ सिहोऱ्याचे, इकडच्या राईस मिलचा तांदूळ आंध्रात पोचवत. तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील, ज्यांना घरच्यांपेक्षा ढाबेवाले जास्त ओळखतात.

मग ड्रायव्हरांना सुरक्षित गाडी चालवण्याचं सरकारी ट्रेनिंग सक्तीचं झालं. ट्रान्सपोर्टवाल्या शेठने पहिल्या तुकडीत भाऊंना पाठवलं. बाकीचे तिथला नाश्ता खाऊन परतले, भाऊ नियम घेऊन परतले. दिवसात आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही, मध्ये थांबून आराम करायचा. एवढ्या मोठ्या साहेबाने सांगितलं म्हणजे शेठलाही ते मान्य असणार, असं ते धरून चालले. आमच्या रस्त्यावर ही चूक फक्त सरळ माणूसच करू जाणे.

पुढच्या खेपेला त्यांनी खरोखरच गाडी बाजूला घेतली आणि झोपले. गाडी थांबलेली शेठला मोबाईलवर दिसली. काहून थांबला म्हणून फोन आला, तर भाऊंनी त्यालाच नियम समजावला. शेठ नुसता हसला. ओरडणारा शेठ परवडला. त्यानंतर भाऊंना लांबची खेप मिळाली नाही, मग जवळचीही मिळेना. ते मिलच्या फाटकापाशी खाटेवर बसून राहू लागले आणि बाकीचे ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणून चिडवू लागले.

पण बसलेल्या माणसाचाही उपयोग करून घेणं शेठला जमतं. ट्रेनिंग पुन्हा आलं तेव्हा बाकीचे सगळे रस्त्यावर होते. शेठने भाऊंनाच पाठवलं, आणि मग दर तुकडीला तेच जाऊ लागले. नाव दुसऱ्याचं पुकारायचं आणि हजर भाऊंनी म्हणायचं. इकडचे बरेच मालक असंच करतात. तिथे तोंड कोणी पाहत नाही. ज्याच्या नावाने भाऊ आरामाचे नियम ऐकत, तो तेव्हा आरामाविना गाडी हाकत असे.

कायले जाता, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"शेठ म्हन्ते, येवढं कर, मंग गाडी देतो तुले."

मला शेठचा राग आला आणि भाऊंचाही आला. स्टिअरिंगशिवाय हात कुठे ठेवावे हेच त्या माणसाला कळत नव्हतं. बोलताना ते हात मांडीखाली दाबून बसत.

त्या नावांत एक नाव करडी गावच्या पोराचं होतं. हसरा, नुकतं लग्न झालेला. गाडी चालवताना त्याला झोप लागली आणि तो उभ्या ट्रेलरवर आदळून जागीच गेला. शेठने चारचौघांत सांगितलं की पोराला रीतसर ट्रेनिंग दिलं होतं, तरी झोपेत चालवत राहिला, त्याला कोण काय करणार. त्याच संध्याकाळी भाऊंना निरोप आला, गाडी घेऊन जा.

भाऊंनी किल्ली घेतली नाही. ते माझ्याकडे आले आणि करडीला चल म्हणाले.

पोराचा बाप अंगणात बसला होता. जमलेल्यांत कुणीतरी शेठचंच बोलणं पुन्हा काढलं, एवढं शिकवूनही पोरगा चुकला म्हणाला. तेव्हा भाऊ बापासमोर जमिनीवर बसले.

"तो गेलाच नव्हता ट्रेनिंगले, दादा. त्याच्या नावानं मी बसलो होतो."

बापाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "काय सांगतलं होतं तिथं?"

"झोप आली का गाडी बाजूले घ्याची."

"येवढंच?"

भाऊंनी मान डोलावली. 

त्यानंतर भाऊ इकडे फिरकले नाहीत. आंध्राकडे कुठेतरी हमाली करतात, असं घरचे सांगतात. यंदाचं ट्रेनिंग झालं त्या दिवशी करडीच्या पोराच्या जागी लागलेला ड्रायव्हर माझ्या काट्यावर होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तिकडे त्याच्या नावाने कोण हजर म्हणालं, हे मी विचारलं नाही.