सुलूची गाडी गप्प झाली

"तुम्ही दोघं जा. मी घरीच बरा," आबा म्हणाले आणि पायात घातलेली चप्पल काढून त्यांनी ती परत रॅकवर ठेवली.

सुलू किल्ली हातात घेऊन दारात उभी. रविवार होता, उत्तनकडच्या तारोडीला नाथाकडे जायचा दिवस. आबा म्हणजे सुलूचे सासरे, बाबाजी. रत्नागिरीकडच्या एका बंदरावर त्यांनी उभा जन्म होड्या दुरुस्त करण्यात घालवला. नाथाची होडी कधीकाळी वादळात तिकडे लागली, ती आबांनी नीट करून दिली, आणि दोघांची जी गट्टी जमली ती आजतागायत. आबा भाईंदरला मुलाकडे राहायला आले तेच मुळी 'नाथा जवळ असेल' या आमिषाने.

"का हो आबा? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे गो. पण तुझ्या त्या गाडीत ऐकायचं मशीन कानात लावलं की डोक्यात पिठाची गिरणी सुरू होते. काढून ठेवलं की मी आपला गाठोड्यासारखा. तुम्ही दोघं हसता, मी काचेबाहेर बघतो. त्यापेक्षा घर बरं."

ती गाडी म्हणजे सुलूचा अभिमान. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती तपासणीला बसते. डब्यावर, पातेल्यावर बोट फिरवून ओरखडा शोधायचा. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पांढरी गाडी तिने घेतली. मैत्रिणी चष्म्याचे नंबर काढत होत्या त्या वयात ही क्लच आणि ब्रेक शिकली. नवरा महिपत स्कूटरच्या पुढे कधी गेला नाही. त्यामुळे आबा नाक्यावर सगळ्यांना सांगायचे, "मुलगा मागे बसतो, सून चालवते." आणि तेच आबा आता गाडीत बसायला नको म्हणत होते.

"आपण रिक्षाने नेऊ त्यांना," महिपत म्हणाला.

"रिक्षात आवाज कमी असतो का रे? काहीतरी बोलू नकोस."

ती गाडी घेऊन थेट सूरजच्या गॅरेजवर गेली. सूरजने मागचं चाक काढलं, वरचं प्लास्टिकचं आवरण ओढलं, तशी चिखलाची खपली भदकन खाली पडली. खपलीत मासळीचे खवले चमकत होते.

"उत्तनला जाता ना काकी? मासळीच्या टेम्पोतून खारं पाणी गळतं रस्त्यावर. तुमचं चाक ते उडवतं आणि इथे वर नेऊन ठेवतं. बघा, गंज धरलाय. आणि हा पत्रा म्हणजे ढोल. खाली खडी वाजली की आत बसलेल्यांच्या कानात."

"मग काय करायचं?"

"विकून टाका. सीधी बात."

"विकायची असती तर तुला कशाला दाखवली असती? पर्याय सांग."

सूरज हसला. मग त्याने नीट समजावलं. गंज चकचकीत पत्र्यापर्यंत घासायचा, गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग मारायचा, त्यावर रबरासारखं काळं कोटिंग, आणि आतून गालिच्याखाली डांबरी शीट चिकटवायचं. "चार चाकं. मला वेळ नाही, आणि तुम्हाला जमणार नाही."

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी गाडी विटांवर चढली. महिपतने जॅक लावला आणि लगेच कंबर धरली. सुलूने कारखान्यातून मागून आणलेला तारेचा ब्रश काढला, डोक्याला ओढणी बांधली आणि चाकाच्या पोकळीत शिरली. खरडखरड सुरू. गंजाचा भुगा भुवयांवर, ओठांवर. दर थोड्या वेळाने ती हातमोजा काढायची आणि बोट फिरवायची. खरखर लागली की पुन्हा ब्रश.

आबा प्लास्टिकची खुर्ची टाकून बाजूला बसले होते. सुरुवातीला नुसते बघत होते. रंगाचा डबा उघडला तशी त्यांची नाकपुडी हलली, आणि खुर्ची पुढे सरकली.

"हात असा नको. डांबर ओढतात तसा ओढ, लांब. तुकड्यातुकड्याने नको."

"डांबर नाही आबा, कोटिंग आहे."

"काळं आहे आणि पाणी अडवतं ना? मग डांबरच."

दुसरा हात मारायच्या वेळेला तर आबा खुर्ची सोडून जमिनीवर. ब्रश त्यांच्या हातात. मांडी घालून, मान वाकडी करून त्यांनी दारांच्या खालच्या कडांकडे पाहिलं आणि ओरडले, "अगो सुलू! ही भोकं बघ! दाराच्या बुडाला भोकं! कंपनीवाल्यांनी अशीच सोडलीत!"

सुलूनेही वाकून पाहिलं. खरंच, चारही दारांच्या तळाला बारीक लांबट भोकं होती.

"इथूनच आत शिरत असणार खारं पाणी," ती म्हणाली.

"आवाजसुद्धा," आबा म्हणाले. "भोक दिसलं की बुजवायचं. कापसाचा पीळ ठासायचा, वरून राळ. मी सांगतो तुला."

राळ कुठली मिळायला! पण कापूस होता, कोटिंग होतं. सासरा-सून दोघं मिळून एकेक भोक बुजवत सुटले. आबा पीळ करून देत होते, सुलू ठासत होती. संपलं तेव्हा आबांनी दारावर थाप मारली, पाण्यात सोडायला निघालेल्या होडीला मारावी तशी. "आता समुद्रात सोडलीस तरी चालेल."

आतली शीटं चिकटवताना खाली हवेचे फुगे राहत होते. सुलू वर गेली आणि लाटणं घेऊन आली. महिपत हबकला.

"अगं, मग पोळ्या?"

"आज भात खा."

मग त्याच्या पुढचा रविवार आला. सकाळी गाडी धुणाऱ्याने पाइप लावून गाडी लख्ख केली. सुलूने आबांना पुढे बसवलं. "मशीन काढायचं नाही हं आबा. नाही जमलं तर मी स्वतः म्हणेन, काढा म्हणून."

गाडी निघाली. भाईंदर पश्चिमेची गर्दी संपली, उत्तनचा रस्ता लागला. सुलूला स्वतःला फरक कळत होता. खडी वाजत होती, पण दूर कुठेतरी, शेजारच्या घरात वाजावी तशी. आबा मात्र समोर बघत, मान किंचित तिरपी.

"ऐकू येतंय का आबा?"

आबांनी मान आणखी दाराकडे कलवली.

"आबा, त्रास होतोय का?"

आबांनी हात वर केला. "गप गो."

मागून महिपत हळूच म्हणाला, "सुलू, असू दे. तू खूप केलंस." तिने गिअर बदलला. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग आबा एकदम म्हणाले, "थांबव गाडी. पाणी शिरलंय."

"कुठे?"

"माझ्या दारात. वळलीस की मागे जातं, ब्रेक मारलास की पुढे येतं. खळक, खळक. होडीच्या बुडात पाणी असलं की हाच आवाज."

"मला नाही ऐकू आलं," सुलू म्हणाली.

"मलाही नाही," महिपत म्हणाला.

गाडी कडेला घेतली. सुलूने दार उघडून हलवलं आणि कान लावला. खळक! सकाळचं पाइपचं पाणी काचेच्या फटीतून आत उतरलं होतं आणि आता त्याला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती भोकं पाणी आत घेण्यासाठी नव्हतीच. आलेलं पाणी सोडण्यासाठी होती. तशीच बुजलेली राहिली असती, तर दारं आतून कुजली असती.

तिने केसातला आकडा काढला, रस्त्यावर बसली आणि कापसाचा बोळा उपसला. पाण्याची धार तिच्या पायांवर आली. दुसरं दार, तिसरं, चौथं.

आबांचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. होडीची अक्कल गाडीला लावली."

"माझंही चुकलं. मीच ठासली ना?" सुलू ओले हात ओढणीला पुसत उठली आणि तिला हसू फुटलं, आवरेना. "आबा, अहो, धावत्या गाडीत तुम्हाला दाराच्या आतलं वाटीभर पाणी ऐकू आलं!"

आबा थबकले. बोट कानाकडे गेलं. "आलं की," ते सावकाश म्हणाले. "मागे महिपत तुला 'खूप केलंस' म्हणाला, तेही ऐकलं मी. बरोबर बोलला."

तारोडीत नाथा अंगणातच उभा होता. गाडी थांबली तसा तो म्हणाला, "काय रं बाबाजी, आज गाडीचा आवाजच न्हाय आला. मला वाटलं येत न्हाय तू."

"आवाज काढून टाकलान आमच्या सुलूने," आबा गाडीतून उतरत म्हणाले. "चाकांत शिरून, गंज खरवडून. गॅरेजवाला म्हणाला जमणार नाही. ये, इकडे बघ, खाली वाक."

"अरं, माझे गुडघे दुखतान."

"दुखू देत. वाक म्हणतो ना!"

दोन म्हातारे एकमेकांचा खांदा धरून चाकाशेजारी वाकले. सुलू शेजारी उभी राहिली, ओल्या पायांनी, आणि नाथाने बोट लावून "सुकलंय काय गं?" विचारलं तेव्हा म्हणाली, "पक्कं सुकलंय काका. जोरात घासून बघा."