बर्फाच्या लादीवर आई

आईला बर्फ बघायचा होता. टीव्हीवरचा नाही, पायाखालचा. कंबर नुसती कुरकुरतेय तोवरच जाऊन यायचं, असं तिनं ठरवलं होतं. हिमाचलात दोन रात्री तंबूत काढायच्या होत्या आणि सोबत मी जाणार होते.

तालीम म्हणून जानेवारीत मंगळवेढ्याला मामाच्या रानात हुरडा खाल्ला आणि तिथंच तंबू ठोकला. दादा चादरीच्या कारखान्यात आहे, त्यामुळे घरात चादरींना तोटा नाही. थंडी वाजली की सोलापूरकराला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे आणखी एक चादर. आईच्या अंगावर आम्ही चार घातल्या आणि खाली एक पातळ सतरंजी. सकाळी तिची कंबर अशी धरली की दोघांनी मिळून उठवावं लागलं.

"झाली हौस? आता पहाडाचं नाव काढायचं न्हाय," दादानं निकाल देऊन टाकला. आई चादरींच्या घड्या घालायला लागली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात एका दुपारी ती जेवून नुसत्या फरशीवर आडवी झाली. "फरशी कशी अंगातली आग ओढून घेती बघ," म्हणाली, आणि मी ताडकन उठून बसले. मामाच्या काळ्या रानानं तेच तर केलं होतं! जन्मभर आम्ही जमिनीकडे गारवाच मागत आलो. तिच्यापासून अंग राखायचं असतं, हे आमच्या डोक्यात येणार तरी कसं?

मग अंथरुणाचा शोध सुरू झाला. पहाडासाठीच्या खास उबदार गाद्या खिशाला झेपणाऱ्या नव्हत्या. एक साधी फुगवायची गादी शेजारणीकडून मागून आणली, फोमच्या दोन स्वस्त पट्ट्या विकत घेतल्या. पण मेच्या सोलापुरात थंडी आणायची कुठून? मी रिक्षात घालून बर्फाची लादीच घरी आणली. "काय हो, लग्नाचं सरबत का?" खालच्या काकूंनी विचारलंच.

बाल्कनीत लादीवर प्लास्टिक आणि त्यावर एकेक अंथरूण टाकून आईला बसवलं. फुगवलेली गादी दिसायला गुबगुबीत, पण आतली हवाच गार पडली. "लई गार लागतंय गं," म्हणत आई लगेच उठली. फोमची एक पट्टी थोडा वेळ टिकली. मग दोन्ही पट्ट्या एकावर एक टाकल्या आणि वर चादरीची घडी. आई चिंचा फोडत बसली. बाल्कनीभर पाणी झालं, तरी तिच्या तोंडून गारठ्याचा ग नाही.

तेवढ्यात दादा कामावरून आला. "आई, ऊठ आधी, कंबर धरंल," म्हणत तो हात द्यायला पुढं झाला. तोवर ती आपली आपण उठली होती.

"मला जायचं हाय रं," ती म्हणाली.

इतकं सरळ तिनं आमच्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं ओल्या बाल्कनीतल्या पट्ट्या उचलून हातानं चाचपून बघितल्या. मग मला म्हणाला, "लोकरीचे मोजे तितं मिळतात, का हितनंच न्यायचे?"